डोईवरची आंबील

७ नोव्हेंबर १९४३, रविवार. नळदुर्ग

वही, माफ कर. शेवटची नोंद १९ जूनची आहे. "हिला कालपासून ताप. उतरेल." त्या "उतरेल"च्या पुढं काही लिहायची हिंमत पाच महिने झाली नाही. २ जुलैला बायको गेली. विषमज्वर. एवढं लिहिलं म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आज लिहायला बसलो ते शरमेनं. काल राहिलेलं ताक मी पितळी पातेल्यात झाकून ठेवलं होतं. पातेल्याची कल्हई कधीच उडालेली. मी पाहिलंच नाही. सकाळी माझ्या शिवकांतानं ते ताक भाकरीबरोबर घेतलं आणि तासाभरात ओकाऱ्या! अकरा वर्षांची पोर पांढरी फटक पडली. शेजारच्या इरम्मानं पातेलं नाकाशी धरलं आणि म्हणाली, "कळकलंय की हे. मास्तर, एवढंबी कळंना?"

कळायला हवं होतं. धातू आणि आम्ल यांवर कॉलेजात मी पेपर लिहिला आहे, मार्कही बरे पडले होते. पुण्याहून बी.ए. होऊन आलो, वस्तानिया, म्हणजे मधल्या, शाळेत पोरांना अठरा वर्षं शिकवतोय — आणि ताक कशात ठेवायचं ते ठाऊक नाही. तिला ठाऊक होतं. तिनं ते कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

संध्याकाळी शिवकांता उठून बसली. इरम्मानं पेज पाजली. ठीक आहे आता.

९ नोव्हेंबर

नळदुर्गची बातमी अक्कलकोटला मोटारीच्या आधी पोचते. दुपारी आक्का हजर! माझी थोरली बहीण, रुद्रम्मा. दिवाळीआधी तीन महिने इथं राहून तिनंच घर सांभाळलं. ती गेली आणि पंधरा दिवसांत हे ताक.

पायही धुतले नाहीत. आधी शिवकांताच्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. मग माझ्याकडं वळली. "तम्मा, बायको गेली म्हणून चूल जात न्हाय."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्रेचाळिसाव्या वर्षीही मी तिचा तम्माच.

मग मुद्द्यावर आली. तिची शरणम्मा. अठरा संपली. मागं एक स्थळ मोडलं, तेव्हापासून घरी आहे. आमच्यात आक्काच्या मुलीवर भावाचा पहिला हक्क. आजोबांचं लग्न असंच झालं होतं, संसार चांगला झाला, इथं कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्यामुळे चारचौघांत मला "हे चूक आहे" असंही म्हणता येत नाही. पण शरणम्माचे कान माझ्या मांडीवर बसवून टोचले होते. सोनारानं तार घातली तेव्हा ती माझ्या अंगठ्याला कडकडून चावली होती. ती खूण मी अजून शोधतो कधीकधी. सापडत नाही, पण शोधतो.

मी नको म्हणालो. आक्का म्हणाली, मग पोरीला मी नेते अक्कलकोटला, इथं तिला तू मारशील. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे जास्त लागलं.

मी म्हणालो, घर मी चालवीन.

ती हसली. दाराशी उभी असलेली इरम्माही हसली.

१० नोव्हेंबर

आक्का गेली. जाताना पैज लावून गेली. ती पैज आहे असं ती म्हणणार नाही, पण आहे.

मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस, रानातल्या पूजेचा सण. अणदूरला आपलं सहा एकर रान, धोंडीबा बटईनं करतो. दरवर्षी तिथं जातो. येळवस म्हणजे दोन दिवसांचा स्वयंपाक — आंबील, नव्या दाण्यांची भज्जी, उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर. आणि आंबिलीचं मडकं घरच्या बाईनं डोक्यावर घेऊन गावातून रानात जायचं.

आक्का म्हणाली, "मी येते येळवशीला. दाजीबी येतील, शरणम्माबी. मडकं कुणाच्या डोक्यावर असंल ते बघते. धड झालं तर पुन्हा बोलणार न्हाय. न्हाय झालं तर माघात लगीन."

मी रागाच्या भरात हो म्हणालो. पौषात मुहूर्त नाही म्हणून माघ. येळवशीला सत्तेचाळीस दिवस आहेत आणि मला एक भाकरी येत नाही.

आधी लिहून ठेवतो, मागाहून स्वतःला फसवायला नको — मी हे शिवकांतासाठी करतोय की आक्का हसली म्हणून? आजचं खरं उत्तर: आक्का हसली म्हणून.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

निजामी शाळेला शुक्रवारची सुटी. सकाळपासून चुलीपुढं.

इरम्मा कडक भाकरी विकून पोट चालवते. तिच्या भाकऱ्या महिनाभर पापडासारख्या राहतात. तिला शिकवायला सांगितलं तर म्हणाली, गडीमाणसाला शिकवलं तर माझ्या तव्याला शाप लागंल. तासाभरानं मात्र आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. आत आली नाही. उंबऱ्यावरून बोलली तर ते शिकवणं होत नाही, असा तिचा हिशेब असावा.

पहिली भाकरी तव्यावर टाकताना दुमडली. दुसरीला भेग. तिसरीचा नकाशा झाला. इरम्मा म्हणाली, "मास्तर, थापायची हाय ती. पोराला चापट मारल्यागत मारू नका. ती काय तुमच्या शाळंतली हाय?"

पीठही जुनं होतं. विरी गेलेली. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, आठवड्याच्या वर दळून ठेवायचं नाही, हे आज कळलं. गरम पाणी घालून मळायचं, तळहाताच्या टाचेनं. ही मळायची तेव्हा बांगड्यांचा आवाज यायचा आणि मी बाहेरच्या खोलीत वाचत असायचो. तो आवाज म्हणजे मेहनत आहे असं मला कधी वाटलं नाही. तो आवाज म्हणजे सकाळ, एवढंच वाटायचं.

अकरावी भाकरी फुगली. शिवकांतानं टाळ्या वाजवल्या.

१५ नोव्हेंबर

डाव्या हाताची तीन बोटं भाजली. उजव्यानं लिहितो, म्हणजे लिहायला सबब नाही.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक गोष्ट लक्षात आली, ती विसरायच्या आत लिहितो.

सकाळी अंघोळ करून हातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतो, वीस वर्षं बसतोय, आणि वीस वर्षं मन शाळेत, तहसिलीत, वर्तमानपत्रात हिंडून येतं. पण भाकरी थापताना मन कुठंही जात नाही. गेलं की बोट भाजतं. कंपास न घेता वर्तुळ काढायचं, भाकरी हातानं फिरवत, आणि कडा पातळ ठेवायची. दहा भाकऱ्या होईतो मी कुणाचा बाप नसतो, कुणाचा विधुर नसतो. शेवटची भाकरी उतरवून तवा बाजूला ठेवला तेव्हा शेजारच्या गल्लीतला रहाट ऐकू आला. तो रोजच वाजत असणार.

तिला असं होत असेल का? की तिला हे शांत वाटतच नव्हतं, नुसतं काम होतं? मला दहा भाकऱ्यांनंतर उठून शाळेत जाता येतं, म्हणून मला ती शांतता वाटते. तिला उठून कुठं जायचं होतं? हे विचारायला आता उशीर झाला. पण सकाळ मला आवडली, हे खोटं कशाला लिहू.

अंगण झाडायलाही मीच जातो आता. समोरचा चन्नबसप्पा, तेलाच्या दुकानाचा, ओसरीवरून पाहत असतो. परवा म्हणाला, मास्तर, सडा झाला, आता रांगोळी कधी? मी म्हणालो, तुमच्या घरातून मागवून घेतो, तुमची चांगली असते, तुम्ही काढता का? तो आत गेला.

२४ नोव्हेंबर

शाळेत शेरवानीच्या बाहीला पीठ. वर्गातली पोरं खुसखुसत होती. मला कळलं नाही. उर्दूचे मौलवीसाहेब मधल्या सुटीत जवळ आले, हळूच म्हणाले, "मास्टरसाब, शेरवानी को आटा लगा है."

मी झटकायला लागलो. म्हणालो, घर का है.

ते म्हणाले, "घर का है तो झटकते कायकू?"

नंतर त्यांनी सांगितलं, त्यांची आई लहानपणी गेली, वडिलांनी रोट्या करून तीन भाऊ वाढवले. हे शाळेत कुणाला ठाऊक नाही, म्हणाले. आठ वर्षं आम्ही एका बाकावर बसून चहा पितोय.

बाही झटकली नाही.

२९ नोव्हेंबर

भाकऱ्या आता गोल. शिवकांता डब्यात चार नेते. टोपलीत वरच्या तर अगदी हिच्या हातच्यासारख्या. आज आक्काला कार्ड टाकलं — भाकरी जमली. अभिमान! लिहितानाच ओठ हसत होते.

२ डिसेंबर

सोमवारचं कार्ड परत घेता आलं असतं तर.

पहाटे जाग आली. चुलीपाशी उजेड. शिवकांता. परकराचा ओचा खोचून, माझ्या काल रात्रीच्या भाकऱ्यांतल्या भेगाळलेल्या वेगळ्या काढत होती — त्या इरम्माच्या शेळीला जातात, हे आज कळलं — आणि तव्यावर तिची स्वतःची भाकरी. टोपलीत वर दिसायच्या त्या हिच्या हातच्यासारख्या भाकऱ्या! एका अर्थी हिच्याच हातच्या होत्या. हिनं लेकीला शिकवलेल्या.

दंडाला भाजल्याचा चट्टा. आठ दिवसांचा तरी.

मी रागावलो नाही. रागावायचा हक्क कुठून आणू? ती म्हणाली, "आत्या मला न्यायला नको म्हणून केलं. तुमची पैज हाय ना, बाबा."

एका मुलीला या चुलीपुढं बसवायचं नाही म्हणून दंड थोपटले आणि दुसरीला बसवलं. तीही अकरा वर्षांची, तेही पहाटे, तेही मला न सांगता. आणि मी वहीत शांततेबद्दल लिहीत होतो! ती पानं फाडणार नाही. राहू देत तशीच, माझ्यासमोर.

ठरवलं: येळवशीपर्यंत शिवकांतानं पिठाला हात लावायचा नाही. मी भाकरी करताना ती पाटी घेऊन समोर बसेल, अपूर्णांक सोडवेल, मोठ्यानं वाचेल. भाकऱ्या भेगाळल्या तर भेगाळलेल्या खायच्या. शेळीला मिळणार नाहीत.

आणि आक्काला दुसरं कार्ड: "मागच्या कार्डातल्या भाकऱ्या माझ्या नव्हत्या. शिवकांताच्या होत्या. मला येतात त्या त्यांच्या निम्म्यानंच बऱ्या." टाकू की नको, यात संध्याकाळ गेली. टाकलं.

३ डिसेंबर, शुक्रवार

आज सगळ्या माझ्या. बाराच्या बारा. सात बऱ्या.

८ डिसेंबर

आक्काचं पत्र. अक्षर दाजींचं — कल्याणप्पा दाजींचं अक्षर दुकानाच्या पाटीसारखं ठळक — पण बोल आक्काचे.

लिहिते: खरं सांगितलंस, बरं केलंस. असा आहेस म्हणून तर मुलगी द्यायची म्हणते. आणखी एक सांगते. शरणम्मा सोमवार धरतीय. मी परत आल्यापासून, आपलं येळवशीचं बोलणं तिला सांगितलं त्या आठवड्यापासून. पाण्याशिवाय काही घेत नाही. कुणासाठी ते मी विचारलं नाही. पोरगी कशासाठी सोमवार धरते ते सांगावं लागतं का? तुलाच कळायला पाहिजे.

पत्र तीनदा वाचलं.

११ डिसेंबर

तीन दिवस काही सुचत नाही. भाकरी थापतानाही मन ठरत नाही. पुन्हा भाजलं.

मी गृहीत धरलं होतं की शरणम्माला हे नको असणार. का? मला नको आहे म्हणून. तिच्या मनात असेल तर? एखादी मुलगी उपास करतेय आणि मी तिच्या विरुद्ध आंबील आंबवायला शिकतोय! आक्काला हरवणं सोपं. ज्या मुलीला मी मांडीवर घेतलं तिचं मन मोडणं हा शहाणपणा आहे की ताठा?

आणि शिवकांता? घरात एक बाई आली तर तिचं बालपण परत येईल. भेगाळलेल्या भाकऱ्या खाऊन ती तत्त्वं शिकणार आहे का?

दुसऱ्या बाजूनं: मी साठीचा होईन तेव्हा ती पस्तिशीची. तिच्या डोळ्यांत मी कायम मामाच असणार, आणि ती माझ्या डोळ्यांत अंगठा चावणारी. एवढं मला ठाम कळतं. बाकी काही कळत नाही.

तिला विचारावं, असं एकदा मनात आलं. पण मामानं भाचीला हे कसं विचारायचं? आमच्यात कुणी विचारत नाही.

सोडून दिलं.

१४ डिसेंबर

कल्हईवाला आला. घरातलं एकूण एक पितळी भांडं बाहेर काढलं. शेजारी पाहतायत म्हणून दारातच बसलो, भाते चालेपर्यंत. चन्नबसप्पाच्या घरचीही तीन पातेली कल्हईला आली. त्याची बायको म्हणाली, मास्तरांनी बोलावला म्हणून आम्हाला आठवण झाली.

२० डिसेंबर, सोमवार

आज ती उपाशी असेल. मी दोन भाकऱ्या कमी खाल्ल्या. तिला त्याचा काय उपयोग?

२४ डिसेंबर, शुक्रवार

आंबिलीसाठी कुंभाराकडून नवं मडकं. दोन दिवस पाण्यात ठेवून पाझर मारला. जोंधळ्याचं पीठ ताकात कालवून आंबायला ठेवलं. पितळेत नाही!

इरम्मा म्हणते, आंबीलला तोंड नसतं पण नाक असतं. वास घेऊन कळतं. दर तासाला वास घेतोय. शिवकांता म्हणाली, बाबा, ती काय आजारी हाय का?

चुंबळ शोधत होतो, मडक्याखाली डोक्यावर ठेवायला. शिवकांतानं खुंटीवरून काढून आणली. आईची. जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी, गच्च पिळून बांधलेली. तिच्या डोक्याच्या मापाची. "सैल बांधली की मान दुखते," म्हणायची. मी सोडली नाही, तशीच डोक्यावर ठेवून पाहिली. बसते.

२६ डिसेंबर, रविवार

पहाटेपासून उभा. भज्जीचं सामान कालच आलं — ओली तूर, हरभरा, वाटाणा, घेवडा, चाकवत, मेथी. निवडण्यात सकाळ. बाजरीचे उंडे. तिळाच्या पोळ्या दोन फुटल्या. इरम्मा उंबऱ्यावर. एकदा मात्र राहवेना, आत आली, डाळीचं पीठ स्वतः कालवू लागली. मी तिचा हात धरला. म्हणाली, "विसरलेच. पैज हाय न्हाय का तुमची." पुन्हा उंबऱ्यावर गेली.

संध्याकाळी आक्का, दाजी आणि शरणम्मा आले. करोडगिरीच्या, म्हणजे निजामी जकातीच्या, नाक्यावर साखर उतरवून घेतली म्हणून दाजी वैतागलेले.

शरणम्मानं ट्रंक ठेवली आणि सरळ चुलीकडं आली. पदर खोचला. मी म्हणालो, आज नको, आज तू पाहुणी. तिनं माझ्याकडं पाहिलं. काय होतं त्या पाहण्यात, मला समजलं नाही. मग ती शिवकांताजवळ जाऊन बसली. थोड्या वेळानं पाहिलं तर शिवकांताची पाटी तिच्या मांडीवर, अपूर्णांक सोडवतेय. तिनांतले दोन बरोबर. तिसऱ्यात छेद विसरली.

आक्का मडक्याभोवती एकदा फिरून आली. वास घेतला.

२७ डिसेंबर, सोमवार. येळवस

बैलगाडीनं अणदूर. वेशीपाशी सगळे उतरले. इथून रानापर्यंत पायी, गावातून.

मडकं उचलायची वेळ आली तेव्हा धोंडीबाची बायको कडूबाई पुढं झाली. "द्या मास्तर, म्या घेते. गड्याच्या डोक्यावर बरं दिसत न्हाय." आक्कानंही मान हलवली — दे तिला, एवढं चालंल, असं. सुटका आयती समोर होती. खरं लिहितो, अर्धं मन गेलंही. मग शिवकांताकडं पाहिलं. तिच्या हातात चुंबळ होती आणि ती मलाच पुढं करत होती.

रुमाल काढला, चुंबळ ठेवली, खाली बसलो. धोंडीबानं मडकं वर दिलं. उठलो. मान थरथरली, पण उठलो.

अणदूरच्या गल्लीतून एक मास्तर डोक्यावर आंबील घेऊन चालला. बाया दारात आल्या. पोरं मागं लागली. चावडीवर बब्रुवान बसला होता, माझाच जुना विद्यार्थी, आता पाटलाच्या मागंपुढं करतो. ओरडला, "गुरुजी, नथ घरी विसरली का?"

हशा झाला. मला थांबून बोलता आलं असतं. पण डोक्यावर मडकं असलं की मान वळवता येत नाही, आणि मान वळवली नाही की राग मागच्या मागं राहतो. हे मडक्यानं शिकवलं. समोर बघत म्हणालो, "नथ तुझ्या गुरुजींच्या बायकोची होती, बब्रुवान. तिच्या हातची आंबील तू तीन वर्षं प्यायलास. या साली माझ्या हातची पी. ये मागं."

हसणं थांबलं. तो खाली बघत आला मागं. खरंच आला. आणि प्यायला.

रानात कडब्याची खोप धोंडीबानं बांधून ठेवली होती. पूजा झाली. जोंधळ्याच्या कडेकडेनं आंबील शिंपडत फिरलो. दरवर्षी ती पुढं असायची आणि मी मागं, घड्याळ बघत. आज मी पुढं. पीक कमरेच्या वर आलं आहे. मी या रानाचा मालक वीस वर्षं आहे, आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आज प्रथम चाललो.

पंगत बसली. मी वाढत होतो. शरणम्मानं सगळ्यांच्या आधी वाटी पुढं केली. आज सोमवार, मी घुटमळलो. आक्का म्हणाली, वाढ, तिचे सोमवार संपले म्हणते. शरणम्मानं आंबिलीचा एक घोट घेतला. डोळे मिटले. मग सगळी वाटी एका दमात प्यायली आणि दुसरी मागितली.

आक्कानं तीन वेळा भज्जी घेतली. हात धुताना म्हणाली, "जिंकलास, तम्मा. माघाचं विसरले मी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "हिच्यापेक्षा मीठ कमी टाकतोस. तेवढं बघ."

आणि मग दाजी, पान लावत, सहज म्हणाले — बरं झालं मोकळं झालं. दुधनीच्या आडत्याचा निरोप दोनदा आलाय. बायको वारली, दोन पोरं आहेत, वय थोडं जास्त. पण मुहूर्त वाया जाणार नाही, माघातच उरकू.

शरणम्मा उष्टी पानं गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

परतताना मडकं रिकामं होतं, तरी डोक्यावरच आणलं. आज आनंद व्हायला हवा. शिवकांता घरात राहणार. मी हरलो नाही. मग हे काय बोचतंय?

२८ डिसेंबर, मंगळवार

मोटारीला अवकाश होता. मी मडकं धूत होतो. शरणम्मा समोर येऊन उभी राहिली. "मामा, तुम्ही न्हाय म्हणालात, ते चाललं. मला कुणी विचारलंच न्हाय. तुम्हीबी न्हाय." मग सांगितलं: सातवी होऊन तीन वर्षं झाली, सोलापूरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचंय, जूनला प्रवेशाची परीक्षा, गणित विसरलंय.

मी विचारलं, आणि सोमवार?

"तुमची आंबील बिघडू नये म्हणून धरले. सहाच्या सहा."

आक्काला बाहेर जाऊन सांगितलं, शरणम्मा राहील. जूनपर्यंत मी शिकवीन. ती चुलीला हात लावणार नाही, भाकरी मी करीन. लोक काय म्हणतील, आक्का म्हणाली. मी म्हणालो, म्हणू दे, त्यांना सवय झालीय. तिनं शरणम्माकडं पाहिलं. मग म्हणाली, इरम्मा इथं निजायला येईल. आणि नापास झाली तर दुधनी. दाजींनी तोंड उघडलं, तेवढ्यात आक्कानंच ट्रंक मोटारीवरून उतरवायला सांगितली.

उद्या — तिघांचं दळण.